शेवरॉन सूत्र मोडीत निघाल्यानंतर: अमेरिकेतील नियामक कायद्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या उन्हाळ्यात दिलेल्या काही निकालांमुळे तिथल्या सरकारी नियमांची कायदेशीर बैठक बदलली. बातम्यांमध्ये या निकालांचे वर्णन बहुधा ‘नियामक यंत्रणांचे पंख छाटले’ असे एका वाक्यात उरकले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा परिणाम व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांपासून इंटरनेट कंपन्यांपर्यंत अनेकांवर होतो, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. या लेखात ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेची संसद आणि ‘यंत्रणा’ म्हणजे काँग्रेसने केलेल्या कायद्यांची अंमलबजावणी करणारे संघीय विभाग, आयोग आणि संस्था, असे समजावे.

मुख्य निकाल कोणता?

२८ जून २०२४ रोजी ‘लोपर ब्राइट एंटरप्रायझेस विरुद्ध रायमोंडो’ आणि त्याच्या जोडीचे ‘रिलेंटलेस विरुद्ध वाणिज्य विभाग’ या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एकत्रित निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले आणि १९८४ पासून चालत आलेले शेवरॉन सूत्र रद्द केले. निकाल सहा विरुद्ध तीन असा होता. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन या अपील न्यायालयात असताना लोपर ब्राइट प्रकरणाच्या सुनावणीत सहभागी होत्या, म्हणून त्या प्रकरणापुरत्या त्या दूर राहिल्या आणि तेथे मते सहा विरुद्ध दोन अशी पडली.

शेवरॉन सूत्र म्हणजे नेमके काय होते?

काँग्रेसचा कायदा एखाद्या मुद्द्यावर संदिग्ध असेल किंवा त्याबाबत काहीच बोलत नसेल, तर त्याचा अर्थ कोणी लावायचा, या प्रश्नाचे ते उत्तर होते. न्यायाधीशाने दोन पायऱ्यांनी जायचे. पहिल्या पायरीवर काँग्रेसने त्या मुद्द्यावर स्पष्ट सांगितले आहे का, ते पाहायचे. सांगितले असेल तर विषय संपला. नसेल तर दुसऱ्या पायरीवर यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी आहे का, एवढेच तपासायचे. तो वाजवी असेल तर न्यायाधीशाला स्वतःला वेगळा अर्थ अधिक योग्य वाटत असला तरी यंत्रणेचाच अर्थ मान्य करायचा.

मूळ खटला हवाप्रदूषणाचा होता. कारखान्यातील धूर सोडणारे प्रत्येक उपकरण हा स्वतंत्र ‘स्थिर स्रोत’ मानायचा, की सगळा कारखाना मिळून एकच स्रोत मानायचा, हे हवाप्रदूषणविषयक कायद्यातील १९७७ च्या दुरुस्त्यांत स्पष्ट नव्हते. रेगन प्रशासनाच्या काळात, १९८१ मध्ये, पर्यावरण संरक्षण यंत्रणेने संपूर्ण कारखाना एकच स्रोत धरण्याचे ठरवले. त्यामुळे कारखानदाराला एका ठिकाणचे प्रदूषण वाढवून दुसऱ्या ठिकाणचे कमी करता येऊ लागले आणि नव्या परवान्याची कटकट टळली. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या आणि अपील न्यायालयात जिंकल्या. ते निकालपत्र रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले होते, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात आल्या. सर्वोच्च न्यायालयात मात्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या एकमुखी निकालपत्राने यंत्रणेची बाजू उचलून धरली. म्हणजे या सूत्राचा पहिला लाभ नियमन शिथिल करणाऱ्या सरकारला आणि ज्या तेल कंपनीवरून सूत्राला नाव पडले त्या शेवरॉनला झाला होता. आज या सूत्राकडे केवळ कडक नियमनाचे हत्यार म्हणून पाहिले जाते, तेव्हा हा इतिहास लक्षात ठेवावा असे मला वाटते. त्या वेळी पर्यावरण यंत्रणेच्या प्रमुख असलेल्या ॲन गोर्सच यांचे पुत्र नील गोर्सच हेच पुढे सर्वोच्च न्यायालयात या सूत्राचे सर्वांत कडवे टीकाकार ठरले.

मासेमारीच्या बोटींचा यात काय संबंध?

न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंड येथून अटलांटिक महासागरात हेरिंग माशाची मासेमारी करणाऱ्या कंपन्यांनी हे खटले भरले होते. १९७६ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार, किती मासळी पकडली जाते याची नोंद ठेवण्यासाठी बोटीवर निरीक्षक घेणे बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि त्याला या कंपन्यांचा आक्षेप नव्हता. वाद होता तो निरीक्षकाच्या पगाराचा. २०२० मध्ये आलेल्या नियमाने काही फेऱ्यांपुरता हा खर्च बोटमालकांवर टाकला. सरकारच्याच अंदाजाने तो दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता आणि बोटीच्या मिळकतीत साधारण वीस टक्क्यांपर्यंत घट होऊ शकत होती.

कायद्याचा मजकूर पाहिला की वादाचे मर्म कळते. निरीक्षकाचा खर्च मासेमारांकडून घेण्याची तरतूद कायद्यात तीन गटांसाठी स्पष्टपणे लिहिलेली आहे: परदेशी बोटी, मर्यादित हक्कांच्या विशिष्ट योजनेतील बोटी आणि उत्तर पॅसिफिकमधील बोटी. अटलांटिकमधील हेरिंग बोटी या तिन्हींत बसत नाहीत. कंपन्यांचे म्हणणे असे, की तिघांची नावे घेतली याचा अर्थ इतरांना वगळले. सरकारचे म्हणणे असे, की निरीक्षक सक्तीचा करण्याचा अधिकार आणि ‘आवश्यक व उचित’ उपाय योजण्याचा अधिकार दिला, तेव्हा त्यातच खर्चाचाही अधिकार आला. अपील न्यायालयांनी सरकारची बाजू मान्य केली होती. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तर शेवरॉनच्या दुसऱ्या पायरीवर भिस्त ठेवून तसे ठरवले होते.

येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. सर्वोच्च न्यायालयाने हा खर्चाचा नियम वैध की अवैध, हे ठरवलेच नाही. न्यायालयाने केवळ अर्थ लावण्याची पद्धत चुकीची ठरवली, खालचे निकाल रद्द केले आणि प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवली.

न्यायालयाने सूत्र रद्द करताना कोणता आधार घेतला?

मुख्य आधार राज्यघटनेचा नव्हता. तो होता १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याचा. त्या कायद्याच्या कलम ७०६ मध्ये म्हटले आहे, की यंत्रणेच्या कृतीची तपासणी करणारे न्यायालय कायद्याचे सर्व संबंधित प्रश्न स्वतः ठरवील. रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: संदिग्ध कायद्यालाही एक सर्वोत्तम अर्थ असतो, तो शोधणे हे न्यायाधीशाचे काम आहे, आणि कायदा संदिग्ध आहे एवढ्यावरून काँग्रेसने तो अर्थ लावण्याचा अधिकार यंत्रणेला दिला असे गृहीत धरता येत नाही. कायदा काय आहे हे सांगणे न्यायसंस्थेचे कर्तव्य आहे, या १८०३ च्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ निकालातील भूमिकेशी त्यांनी हे जोडून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः २०१६ नंतर शेवरॉनचा आधार घेऊन एकदाही यंत्रणेचा अर्थ मान्य केलेला नव्हता, याचीही नोंद निकालपत्रात आहे. खालची न्यायालये मात्र तो पाळत होती, कारण वरिष्ठ न्यायालयाचा पायंडा मोडण्याचा अधिकार त्यांना नसतो.

मग यंत्रणांचे अधिकार संपले का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत.

पहिली बाब अशी, की काँग्रेस एखाद्या कायद्यात यंत्रणेला निर्णयाचा अधिकार स्वतःहून देऊ शकते, आणि तसा तो दिला असेल तर न्यायालयाने तो मानलाच पाहिजे, असे लोपर ब्राइटच्या निकालपत्रातच लिहिले आहे. हा अधिकार कधी एखाद्या संज्ञेची व्याख्या करण्याचा असतो, कधी कायद्याच्या सांगाड्यात तपशील भरण्याचा असतो, तर कधी ‘उचित’ किंवा ‘वाजवी’ अशा लवचीक शब्दांतून दिलेला असतो. अशा ठिकाणी न्यायालयाने त्या अधिकाराची सीमा आखायची आणि यंत्रणा सीमेच्या आत राहून, विचारपूर्वक वागली की नाही, एवढे पाहायचे. अमेरिकेतील असंख्य कायद्यांत अशी भाषा आहे. त्यामुळे नव्या खटल्यांत वादाचा केंद्रबिंदू सरकला आहे. पूर्वी वकील ‘कायदा संदिग्ध आहे का’ यावर भांडत असत. आता ‘काँग्रेसने अधिकार दिला आहे का, आणि कोठपर्यंत’ यावर भांडतात.

दुसरी बाब वस्तुस्थितीची. एखादे रसायन किती प्रमाणात घातक आहे, एखाद्या यंत्राची सुरक्षितता कशी मोजावी, अशा प्रश्नांवर यंत्रणेच्या निष्कर्षांना न्यायालये पूर्वीप्रमाणेच मान देतात. लोपर ब्राइट हा कायद्याच्या अर्थापुरता आहे. ‘सेव्हन काउंटी’ या मे २०२५ च्या निकालात याचे ठळक उदाहरण दिसले. युटा राज्यातील ८८ मैलांच्या नियोजित रेल्वेमार्गाचा पर्यावरणीय अहवाल अपुरा असल्याचे अपील न्यायालयाने ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले, आणि अहवालाची व्याप्ती किती ठेवायची याबाबत यंत्रणेच्या निर्णयाला भरपूर मान द्यावा, असे न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी लिहिले.

तिसरी बाब अशी, की यंत्रणेचे मत केवळ वाऱ्यावर सोडले जात नाही. १९४४ च्या ‘स्किडमोर’ निकालानुसार यंत्रणेचा अनुभव, तिच्या भूमिकेतील सातत्य आणि युक्तिवादाची ताकद यांचे वजन पडू शकते. फरक इतकाच, की हे वजन पटवून मिळवावे लागते, आपोआप मिळत नाही.

विरोधी न्यायमूर्तींचा आक्षेप काय होता?

न्यायमूर्ती एलेना केगन यांनी सोटोमायोर आणि जॅक्सन यांच्यासह विरोधी निकालपत्र लिहिले. न्यायालयीन नम्रतेच्या जागी न्यायालयीन अहंकार आला, हा त्यांचा शेरा बराच गाजला. पण माझ्या मते त्यांच्या निकालपत्राचे खरे बळ त्यांनी दिलेल्या उदाहरणांत आहे. अमिनो आम्लांची साखळी कोणत्या टप्प्यावर ‘प्रथिन’ ठरते? वॉशिंग्टन राज्यातील करड्या खारींचा समूह इतर खारींपासून ‘वेगळा’ मानायचा का? ग्रँड कॅन्यनवरून जाणाऱ्या विमानांचा आवाज किती कमी झाला म्हणजे तेथे ‘नैसर्गिक शांतता’ परत आली असे म्हणायचे? हे प्रश्न वरकरणी शब्दार्थाचे आहेत, पण त्यांची उत्तरे देण्यासाठी जीवशास्त्र किंवा ध्वनिमापन यांचे ज्ञान लागते, आणि धोरणाची निवडही करावी लागते. अशी निवड करणाऱ्या यंत्रणेला निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या मार्फत जनतेला जाब द्यावा लागतो. तहहयात नेमलेल्या न्यायाधीशाला तो द्यावा लागत नाही.

रॉबर्ट्स यांचे उत्तर असे, की न्यायालयासमोर दोन्ही पक्ष आपापले तज्ज्ञ आणि पुरावे घेऊन येतातच. हे उत्तर मोठ्या, साधनसंपन्न पक्षकारांबाबत पटते. छोट्या पक्षकाराबाबत ते मला अपुरे वाटते, कारण तज्ज्ञ उभा करण्याचा खर्च त्याच्या आवाक्यात नसतो.

शेवरॉनच्या आधारे दिलेले जुने निकाल आता रद्द झाले का?

झालेले नाहीत. ज्या नियमांना न्यायालयांनी शेवरॉनच्या आधारे वैध ठरवले होते, ते निकाल पायंडा म्हणून कायम राहतील आणि केवळ शेवरॉनवर विसंबले होते एवढ्या कारणाने ते उलटवता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

पण जुन्या नियमांना आता नव्याने आव्हान देता येते, असे ऐकले. ते कसे?

त्याचे कारण वेगळा निकाल आहे. १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे लोपर ब्राइटनंतर अवघ्या तीन दिवसांनी, ‘कॉर्नर पोस्ट’ प्रकरणाचा निकाल लागला. नॉर्थ डकोटातील एका ट्रकथांब्याच्या मालकाने, डेबिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून बँकेला मिळणाऱ्या शुल्काबाबतच्या मध्यवर्ती बँकेच्या नियमाला आव्हान दिले होते. नियम २०११ चा होता आणि सरकारविरुद्ध दावा करण्याची मुदत सहा वर्षांची आहे. मात्र ट्रकथांबाच मुळी २०१८ मध्ये सुरू झाला होता. मुदत नियम प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची, की दावेदाराला त्याची झळ बसल्यापासून, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांच्या बहुमताच्या निकालपत्राने झळ बसल्याची तारीख ग्राह्य धरली.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की परिणाम कळतो. ज्या जुन्या नियमाला आजवर न्यायालयाने वैध ठरवलेले नाही, त्याला एखादी नवी कंपनी आज आव्हान देऊ शकते, आणि त्या खटल्यात यंत्रणेला शेवरॉनचे कवच मिळणार नाही. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी निकालपत्रात नेमका हाच धोका मांडला होता. नियम स्थिर आहे हे गृहीत धरून ज्यांनी वर्षानुवर्षे गुंतवणूक केली, त्यांच्या दृष्टीने ही चिंता रास्त आहे.

जार्कसी निकाल कशाबद्दल आहे?

२७ जून २०२४ चा ‘रोखे आयोग विरुद्ध जार्कसी’ हा निकाल कायद्याच्या अर्थाचा नसून दंडाच्या पद्धतीचा आहे. रोखे आयोगाने एका गुंतवणूक व्यवस्थापकाला फसवणुकीच्या आरोपावरून तीन लाख डॉलर दिवाणी दंड केला होता, आणि ही कार्यवाही न्यायालयात न होता आयोगाच्याच प्रशासकीय न्यायाधीशापुढे झाली होती. अशा दंडासाठी सातव्या घटनादुरुस्तीनुसार ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क आहे, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. याची व्याप्ती किती, यावर अपील न्यायालयांत दुमत झाले. ग्राहकांची स्थानमाहिती नीट न जपल्याबद्दल दूरसंचार आयोगाने एटी अँड टीला केलेला सुमारे ५.७ कोटी डॉलरचा दंड पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे एका अपील न्यायालयाच्या अखत्यारीतील राज्यांचा प्रदेश) अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला, तर व्हेरायझनच्या जवळपास तशाच प्रकरणात दुसऱ्या सर्किटने जून २०२५ मध्ये आयोगाची बाजू घेतली.

‘महत्त्वाच्या प्रश्नांचा सिद्धांत’ याहून वेगळा आहे का?

होय. देशाच्या अर्थकारणावर किंवा राजकारणावर मोठा परिणाम करणारा निर्णय यंत्रणेला घ्यायचा असेल, तर काँग्रेसने तसा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असला पाहिजे, असा हा सिद्धांत आहे. २०२२ मध्ये ‘वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध पर्यावरण यंत्रणा’ या प्रकरणात वीजकेंद्रांबाबत आणि २०२३ मध्ये ‘बायडन विरुद्ध नेब्रास्का’ या प्रकरणात सुमारे ४३० अब्ज डॉलरच्या विद्यार्थी कर्जमाफीबाबत तो वापरला गेला.

एच-४ वर असलेल्या जोडीदारांच्या नोकरीच्या परवान्याचे काय झाले?

पुणे, नाशिक, नागपूर येथून अमेरिकेत गेलेल्या कितीतरी घरांत हा प्रश्न काळजीने विचारला जातो. एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला काही अटींवर नोकरी करण्याचा परवाना देणारा नियम २०१५ मध्ये आला. ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक ठराविक टप्पा पार झालेला आहे, पण देशनिहाय कोट्यामुळे पुढे वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते, अशा कुटुंबांसाठी तो मुख्यतः होता. आणि या रांगेत भारतीयांची संख्या फार मोठी असल्यामुळे त्याचा लाभही भारतीयांना अधिक झाला.

‘सेव्ह जॉब्स यूएसए’ या संघटनेने त्याच वर्षी या नियमाला आव्हान दिले. काँग्रेसने एच-४ धारकांना नोकरीची मुभा कायद्यात कोठेही दिलेली नाही, तेव्हा गृहसुरक्षा विभाग ती नियमाने देऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा. लोपर ब्राइटचा निकाल आला तेव्हा हे प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात होते, आणि आता एच-४ चा परवाना गेलाच, असे अनेकांनी धरून चालले होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल आला तो नियमाच्या बाजूने. विद्यार्थ्यांच्या शिक्षणोत्तर कामाच्या परवान्याबाबत म्हणजे ओपीटीबाबत याच न्यायालयाने २०२२ मध्ये जो निकाल दिला होता, त्यातील भूमिका एच-४ लाही लागू होते आणि लोपर ब्राइटमुळे ती बदलत नाही, असे खंडपीठाने म्हटले. बिगरस्थलांतरित व्यक्तींच्या वास्तव्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार स्थलांतर कायद्याने सरकारला दिलेला आहे. शिवाय बेकायदा नोकरी कोणाची हे सांगताना त्या कायद्यात, या कायद्याने ‘किंवा’ सरकारच्या संबंधित अधिकाऱ्याने परवानगी दिलेल्या व्यक्ती वगळलेल्या आहेत. त्या ‘किंवा’वर सरकारी बाजूची मोठी मदार होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला, त्यामुळे अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

मात्र नकाराचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने नियमावर पसंतीची मोहोर उमटवली असा होत नाही, हे समजून घ्यावे. आणि दुसरे असे, की जो नियम यंत्रणेने केला तो यंत्रणा रीतसर प्रक्रिया करून मागेही घेऊ शकते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी गृहसुरक्षा विभागाने कामाच्या परवान्यांच्या नूतनीकरणाच्या अर्जावर मिळणारी आपोआप मुदतवाढ नव्या अर्जांपुरती बंद केली, आणि त्यात एच-४ चे परवानेही आले. न्यायालयात नियम टिकला, तरी नूतनीकरणाचा निर्णय वेळेत न आल्याने नोकरीत खंड पडू शकतो, तो या बदलामुळे. ज्यांचा परवाना संपत आला आहे, त्यांनी अर्ज शक्य तितका लवकर करावा आणि आपल्या प्रकरणासाठी स्थलांतर कायद्याच्या वकिलाशीच बोलावे.

सप्टेंबर २०२५ मधील एच-१बीच्या एक लाख डॉलर शुल्काची गल्लत यात करू नये. ती राष्ट्राध्यक्षांची उद्घोषणा आहे, परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याच्या वेगळ्या कलमाखाली काढलेली, आणि तिच्यावरचे कायदेशीर वाद वेगळ्या मुद्द्यांवर आहेत.

निकालामुळे प्रत्यक्षात काय बदलले, याचे ठोस उदाहरण आहे का?

इंटरनेट समानतेचा, म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीने सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी या बंधनाचा, वाद हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. इंटरनेट जोडणी देणारी कंपनी ‘माहिती सेवा’ देते की ‘दूरसंचार सेवा’, यावर तिच्यावर किती कडक बंधने येतात हे ठरते, आणि दोन्ही संज्ञा १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहेत. २००५ मध्ये ‘ब्रँड एक्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेवरॉन लावून सांगितले, की कायदा संदिग्ध आहे, तेव्हा दूरसंचार आयोगाचा अर्थ चालेल. पुढे ओबामा यांच्या काळात, २०१५ मध्ये, आयोगाने ती दूरसंचार सेवा ठरवली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१७ मध्ये, पुन्हा माहिती सेवा. बायडन यांच्या काळात, २०२४ मध्ये, परत दूरसंचार सेवा. कायद्यातील एक शब्दही न बदलता सरकार बदलले की अर्थ बदलत होता.

२ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने लोपर ब्राइटचा हवाला देऊन सांगितले, की या कायद्याचा सर्वोत्तम अर्थ ‘माहिती सेवा’ हाच आहे, आणि २०२४ चा आदेश रद्द केला. ज्यांना समान इंटरनेट हवे आहे त्यांना निकाल कटू वाटणे स्वाभाविक आहे. पण या प्रकरणापुरते मला वाटते, की तीच संज्ञा दर चार वर्षांनी उलटीपालटी होणे हे कायद्याच्या राज्याला शोभत नव्हते. हा प्रश्न काँग्रेसने सोडवायला हवा होता, आणि तो अजूनही तिच्याकडेच आहे.

म्हणजे हा एका राजकीय पक्षाचा विजय आहे का?

तसे समजून निकाल वाचले तर वारंवार फसगत होईल. लोपर ब्राइट हे सूत्र कोणत्याही सरकारच्या नियमाला लागू होते. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लोपर ब्राइटसह सर्वोच्च न्यायालयाच्या दहा निकालांची यादी देऊन, त्यांच्याशी विसंगत नियम शोधून रद्द करा, आणि शक्य तेथे जनतेची मते मागवण्याची नेहमीची प्रक्रियाही वगळा, असा आदेश यंत्रणांना दिला. पण नियम रद्द करणे हीसुद्धा यंत्रणेची कृतीच आहे. कायद्याचा जो अर्थ लावून ती रद्द करायला निघाली आहे तो अर्थ बरोबर आहे का, हे न्यायालय आता तितक्याच स्वतंत्रपणे तपासणार. शेवरॉन असते, तर नियम शिथिल करणाऱ्या यंत्रणेलाही त्याचा आधार मिळाला असता, जसा तो १९८४ मध्ये मिळाला होता.

आणि यंत्रणा हरतातच असेही नाही. घरी जुळवून तयार करता येणाऱ्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांवर बायडन प्रशासनाने घातलेली बंधने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी टिकली, आणि ते निकालपत्र लिहिले होते नील गोर्सच यांनी. जून २०२५ मध्ये ग्रामीण भागांत आणि शाळांत दूरध्वनी व इंटरनेट सेवा पोहोचवणारा सार्वत्रिक सेवा निधी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरला. काँग्रेसने अधिकार देताना पुरेशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, असे केगन यांनी बहुमताच्या वतीने लिहिले.

एका जिल्हा न्यायालयाने नियम अडवला, तर तो देशभर अडतो का?

२७ जून २०२५ च्या ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ निकालानंतर याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. खटल्यात नसलेल्या व्यक्तींनाही संरक्षण देणारा सार्वत्रिक मनाई हुकूम काढण्याचा अधिकार संघीय न्यायालयांना बहुधा नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. मात्र प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली एखादा नियमच रद्दबातल करण्याचा अधिकार न्यायालयांना आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने जाणीवपूर्वक उघडा ठेवला. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मज्जाव करणाऱ्या करारांवर व्यापार आयोगाने घातलेली बंदी ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासमधील एका जिल्हा न्यायालयाने संपूर्ण देशासाठी रद्द केली होती, ती याच कायद्याखाली. त्यामुळे नियमांविरुद्धच्या खटल्यांत एका न्यायाधीशाच्या निकालाचा देशव्यापी परिणाम आजही होऊ शकतो. खटला कोणत्या राज्यात दाखल करायचा याची निवड पक्षकार इतक्या काळजीपूर्वक का करतात, हे यावरून लक्षात येईल.

काँग्रेस कायदा करून शेवरॉन सूत्र परत आणू शकते का?

बहुमताचा निकाल १९४६ च्या कायद्यावर उभा असल्याने, तत्त्वतः काँग्रेस तो कायदा बदलू शकते. पण न्यायमूर्ती थॉमस आणि गोर्सच यांनी स्वतंत्र सहमतीपत्रे लिहून शेवरॉनला घटनात्मक आक्षेपही घेतले आहेत. थॉमस यांच्या मते तर ते सत्तेच्या विभागणीच्या तत्त्वाचाच भंग करते. बहुमत हा दृष्टिकोन स्वीकारील का, हे असा कायदा झाला आणि त्याला आव्हान मिळाले, तरच ठरेल. त्यापेक्षा सोपा मार्ग काँग्रेसला आजही खुला आहे: प्रत्येक नव्या कायद्यात कोणत्या संज्ञेचा अर्थ यंत्रणेने ठरवायचा आणि कोणत्या मर्यादेत, हे स्पष्ट लिहिणे. सिनेटमध्ये पुरेशी मते जमवण्याच्या धडपडीत विधेयकांची भाषा मुद्दाम मोघम ठेवली जाते, त्यामुळे हा सोपा मार्ग प्रत्यक्षात क्वचितच धरला जातो. आणि जोवर तो धरला जात नाही, तोवर मोघम कलमांचा अर्थ कोणत्या सर्किटमध्ये खटला उभा राहिला त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.